नाही म्हणणारे लिंबाजीमामा

गेल्या महिन्यात लातूरला एका सभागृहात मला दिवसभर बसवून ठेवलं होतं. विषय होता नैसर्गिक आपत्तीत परदेशी पर्यटकांची सुरक्षा. पडद्यावर रंगीत चौकोन येत होते, जात होते. पाच भाषांत पत्रकं छापायची, हॉटेलांत लावायची, मोबाइलवर इशारे पाठवायचे. शेवटी शेवटी ठळक अक्षरांत आलं, 'पर्यटकांनी स्थानिक नागरिकांचा सल्ला घ्यावा.' तेवढ्यात चहा आला म्हणून मी गप्प बसले. नाहीतर विचारणार होते, कुठल्या स्थानिकांचा? आमच्याकडचे स्थानिक मी पाहिलेत. पाहुणा परदेशातला असला की त्याला 'नाही' म्हणायला त्यांची जीभ उचलत नाही. पुढे रस्ता चालू आहे का, असं त्यानं विचारलं तर 'जावा की, काय होतंय' म्हणतील, वर वाट दाखवायला दोन माणसं सोबत देतील.

'नाही' म्हणणारा एकच माणूस मला नोकरीत भेटला, आणि त्याच्याइतका ताप मला दुसऱ्या कोणीही दिलेला नाही.

लिंबाजीमामा आमच्या बांधकाम खात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या एका ठरलेल्या तुकड्याचा राखणदार. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पुलाच्या दगडांना चुना मारायचा, पावसाळ्यात पाण्यावर नजर ठेवायची. अहमदपूरहून कंधारकडे जाणाऱ्या एका आडरस्त्याचे आठ किलोमीटर त्यांच्याकडे होते. त्या आठ किलोमीटरांत एक ओढा, ओढ्यावर बुटका पूल, आणि पुलापलीकडे त्यांचं स्वतःचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक वाचतात, आणि भांडायलाही येतात.

मी तिथे शाखा अभियंता म्हणून गेले त्या आठवड्यातलं आमचं पहिलं संभाषण असं झालं.

"मामा, उद्या सकाळी सातला माणसं घेऊन या. दुसऱ्या किलोमीटरचे खड्डे भरू."

"न्हाई."

"का?"

"उद्या न्हाई."

"अहो, पण का?"

"परवा."

परवा ते पावणेसातला हजर होते. उद्याच्या दिवशी काय होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दिवशी बाजार असतो, सगळी जनावरं त्याच रस्त्यानं जातात आणि ताजं डांबर खुरांनी उखडून टाकतात. हे तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. म्हणाले, "तुम्ही इचारलं का?"

मी विचारलं होतं. दोनदा.

उंच, किंचित वाकलेले, डोक्याला टॉवेल, आणि हातात कायम पहार. पहार टेकत चालायचे, पण काठी म्हणून नव्हे. दर दहा पावलांवर रस्त्याच्या कडेला एक ठोसा द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचं. टरबूज घेताना बायका वाजवून बघतात तसं. मीही एक-दोनदा ऐकून पाहिलं. मला सगळीकडे सारखंच ऐकू आलं.

"तुमचे कान शिकलेले हायत," ते म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, माझं अजून ठरलेलं नाही.

ओढ्याला पाणी आलं की ते पुलाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायचे, त्यांना लाल फडकं बांधायचे आणि शेजारच्या दगडावर बसून राहायचे. मग कलेक्टर येवो की कोणी येवो. एकदा एक वऱ्हाड अडवलं. जीपमधून वरमाय खाली उतरली.

"मुहूर्त टळायलाय. काढ ते काटे."

"न्हाई. लगीन उद्या बी लागतं."

"तुझ्या बापाचं लागलं होतं का दुसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या. पाणीच होतं."

वऱ्हाडात कोणाच्या तरी ओळखीचे पुढारी होते. तक्रार आली, वरून कारणे दाखवा नोटीस आली. मामांनी उत्तर दिलं ते दोन शब्दांचं नव्हतं, चार शब्दांचं होतं. 'पाणी होतं. गाडी थांबवली.' खाली अंगठ्याएवढी सही. असलं उत्तर वर पाठवता येत नाही, म्हणून मी बसून त्यांच्या वतीनं तीन पानं लिहिली. त्यात पावसाचं प्रमाण, प्रवाहाचा वेग, जनतेची सुरक्षितता, सगळं होतं. मामांनी ती वाचायला तासभर घेतला आणि परत दिली.

"एवढं मी बोललोच न्हाई," म्हणाले. सही केली नाही. शेवटी तोंडी समज देऊन प्रकरण मिटलं, आणि ती तीन पानं अजून माझ्या कपाटात असतील.

त्यांचं प्रत्येक वेळी बरोबर असायचं, असं कोणी समजू नये. एका पावसाळ्यात त्यांनी भरतीच्या परीक्षेला निघालेल्या चार मुलांची जीप सकाळी सहापासून अडवून धरली. वरच्या अंगाला रात्री पाऊस झाला होता, पण पाणी पुलाखालीच राहिलं. वर आलंच नाही. मुलं लातूरला वेळेत पोचली नाहीत. त्यातल्या एका मुलीचं वय त्या वर्षी संपत होतं. ती मुलगी मामांच्याच, गावातल्या बौद्ध बस्तीतली होती.

मी त्यांना त्या दिवशी मनापासून बोलले. अडवायचा अधिकार कोणी दिला, अंदाज चुकतो हे माहीत असताना एवढा हट्ट कशापायी, पोरीच्या आयुष्याचं काय.

"पाणी आलं न्हाई," म्हणाले.

"मग?"

"मग न्हाई आलं."

पुढे त्यांच्या बायकोनं, गयाबाईनं, मला सांगितलं की मामा त्या मुलीच्या दारावरून जाणं टाळतात. मागच्या बोळानं वळसा घालून घरी येतात. पण पुढच्या पावसाळ्यात काट्याच्या फांद्या पुन्हा होत्या तिथंच. माणूस काही शिकला असेल असं दिसलं नाही.

गयाबाई त्यांच्या अगदी उलट. बोलकी, हिशेबी, चार बायकांना कामाला लावणारी. बस्तीनं नवं विहार बांधलं त्यात तिनं स्वतः विटा वाहिल्या होत्या. त्या विहारासाठी थायलंडच्या एका उपासक मंडळानं बुद्धमूर्ती द्यायचं कबूल केलं आणि मूर्ती घेऊन स्वतः येतो म्हणाले. दोन भंते आणि सात उपासक-उपासिका, बहुतेक साठीच्या पुढचे. नांदेड जिल्ह्यातल्या त्या कोपऱ्यात परदेशी माणूस याआधी वाट चुकूनसुद्धा आलेला नव्हता.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, भंते प्रवास करत नाहीत, म्हणून कार्यक्रम ऑक्टोबरच्या शेवटी ठरला. तोवर पाऊस संपलेला असतो, असं सगळ्यांनी धरून चाललं. परतीच्या पावसाला हे कोणी कळवलेलं नव्हतं. शिवाय एक नियम होता. भंते दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. त्यामुळे काहीही करून बाराच्या आत भोजनदान व्हायला हवं होतं. पहिलं ताट वाढायचा मान बस्तीनं गयाबाईला दिला होता. सात भाज्या, पुरणपोळ्या, खीर. ती दोन दिवस चुलीपुढून उठली नव्हती.

त्या दिवशी सव्वादहाला मला सरोदे गुरुजींचा फोन आला. गुरुजी बस्तीतले निवृत्त शिक्षक, पाहुण्यांना आणायची जबाबदारी त्यांच्याकडे.

"मॅडम, तुमच्या माणसानं आमच्या पाहुण्यांना अडवून ठेवलंय. आंतरराष्ट्रीय नाचक्की करायलाय हा."

मी पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. ऊन स्वच्छ पडलं होतं आणि पुलावरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत होतं. अलीकडे पाहुण्यांच्या दोन गाड्या, काट्यांच्या फांद्या, दगडावर लिंबाजीमामा. त्यांच्याशेजारी एक ट्रॅक्टर. ट्रॉलीत पांढरी चादर अंथरलेली, वर पंचशील ध्वज, झेंडूच्या माळा, आणि दोरीनं घट्ट बांधलेल्या नऊ प्लास्टिकच्या खुर्च्या. पाहुण्यांना मिरवत पुराच्या पाण्यातून पलीकडे न्यायची ही तयारी. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी शोधत होते, पण ते सगळ्यांच्याच डोक्यातून निघालं होतं.

ट्रॅक्टर नऊ वाजता पलीकडून दहा माणसांना घेऊन आला होता. सगळ्यांचा आधार तोच.

"मघाशी आला ना धड? मग जाईना का?" गुरुजी म्हणाले.

"आला तवा आला," मामा म्हणाले.

ट्रॅक्टर मामांच्या पुतण्याचा. किल्ली मामांनी काढून घेऊन करगोट्याला बांधली होती. पुतण्या बाजूला उभा राहून लाजल्यासारखा हसत होता. काकाच्या कमरेला हात कोण घालणार?

पलीकडच्या काठावर सगळं गाव उभं. त्यांच्याकडे कार्यक्रमासाठी आणलेला माइक होता, आणि तो गयाबाईच्या हातात गेला होता.

"अवो, ऐकायलात का?" कर्ण्यातून आवाज आला. "भंतेजींचं जेवण गार व्हायलंय. किल्ली द्या त्याला."

मामांकडे माइक नव्हता. त्यांनी नुसता हात हलवला.

"हात काय हलवायलात? त्या पोरीची परीक्षा घालवली, आता सगळ्या बस्तीची घालवा."

हे कर्ण्यावरून. पाहुण्यांना वाटलं स्वागताचं भाषण चाललंय. त्यांनी त्या दिशेनं हात जोडले.

मी मामांना बाजूला घेतलं. काय अडचण आहे विचारलं.

"उजव्या कडंचा आवाज बदललाय."

"एवढ्या पाण्याच्या आवाजात तुम्हाला काय ऐकू आलं?"

"पायाला कळतंय."

ते मला पुलाच्या तोंडापर्यंत घेऊन गेले, पहारीनं ठोसा मारला. माझ्या पायाला काही कळलं नाही. डांबर धड दिसत होतं. पाणी खुणेच्या दगडाच्या निम्म्यावर होतं आणि चढत नव्हतं. अभियंता म्हणून मला विचाराल तर ट्रॅक्टर जाऊ शकला असता. आणि नसताही. माझ्याकडे पुरावा कुठल्याच बाजूचा नव्हता. एवढ्यात वरून फोन आला. परदेशी पाहुणे ताटकळलेत म्हणे, तुम्ही काय करताय?

"मामा, किल्ली द्या."

"न्हाई."

"मी लेखी आदेश देईन."

"द्या. तशी बी देनार न्हाई. मग निलंबन का काय ते करा."

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

सात पाहुणे एव्हाना गाडीतून उतरले होते. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, चिमणीएवढी होती ती, चपला काढून हातात घेतल्या आणि ती ट्रॉलीकडे चालायला लागली. चेहऱ्यावर हसू. बाकीचे तिच्या मागे.

मी खात्यात तोवर बावीस वर्षं काढली होती. मला आवाज ओळखता येत नसेल, पण कागद लांबवता येतो. मी जीपच्या बॉनेटवर वही ठेवली आणि गुरुजींना म्हटलं, रीतसर करू. परदेशी नागरिक आहेत, उद्या काही झालं तर तुम्ही-आम्ही दोघंही जाऊ. आधी तुमचा अर्ज. प्रत्येक पाहुण्याचं पूर्ण नाव, पासपोर्टवर आहे तसं. गुरुजी शिक्षक माणूस. अर्ज म्हटल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं, समास पाडला आणि सुवाच्य अक्षरात सुरुवात केली. थाई आडनावं अर्ध्या ओळीची असतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार बरं वाटलं. चौथ्या नावाला मी स्पेलिंगची चूक काढली.

वैताग असा की ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांनाच काही उमजलं नाही. "मॅडम, काय लिहायचं ते पटकन लिहा की," मामा दगडावरून म्हणाले. "उगं सगळ्यांना उन्हात ठिवलंय."

साडेअकरा वाजून गेले. दोन्ही भंते लिंबाखाली शांत बसले होते. गुरुजी नवव्या नावावरून घड्याळाकडे बघायला लागले. आता ट्रॅक्टर सुटला तरी पोचून, हात धुऊन बाराच्या आत जेवण होणं कठीण होतं.

तेव्हा मामा उठले. सायकलला अडकवलेलं त्यांचं फडकं सोडलं. ज्वारीच्या दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा. गयाबाईनं सकाळी सात भाज्यांच्या गडबडीत त्यांच्यापुरतं बांधून दिलेलं. त्यांनी पाण्यानं हात धुतले, गुडघे टेकले आणि ते फडकं दोन्ही हातांनी भंतेंच्या पुढे धरलं.

गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अरे, काय हे? हे वाढतात का? हजारो मैलांवरून आलेत ते."

थोरल्या भंतेंनी ते घेतलं. भाकरी मोडून दोघांनी खाल्ली. ठेच्यानं डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी बाटली पुढे केली, पण मिरचीचं त्यांना काहीच वाटलं नाही. उलट बोटाला लागलेला ठेचाही संपवला. मग त्यांनी काहीतरी म्हटलं, लांब आणि एका सुरात. मामा मान खाली घालून बसून राहिले. पलीकडून हे सगळं दिसत होतं. कर्णा एकदम बंद झाला.

बारा वाजले. अर्ज माझ्या हातात होता, पूर्ण, नऊ नावांचा. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

बाकीच्या सात जणांना मी जीपमधले बिस्किटांचे पुडे दिले. ती म्हातारी बाई माझ्या शेजारी बसली. तोडक्या इंग्रजीत म्हणाली की पाण्याची तिला फार भीती वाटत होती. आमच्याकडेही पूर येतात, असं पाणी आम्ही ओळखतो, म्हणाली. मी विचारलं, मग ट्रॉलीकडे कशाला निघाला होतात? तर म्हणाली, पलीकडचे लोक इतक्या प्रेमानं बोलावत होते. नको म्हटलं असतं तर त्यांना किती वाईट वाटलं असतं.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे इकडून पाहुण्यांना नाही म्हणवत नव्हतं आणि तिकडून यजमानांना. दोन्हीकडच्या सभ्य माणसांनी मिळून नऊ जणांना ओढ्यात घातलं असतं, हसतमुखानं.

तीनपर्यंत पाणी उतरलं. पूल जिथल्या तिथे. "बघा," गुरुजी म्हणाले, "काय झालं का? उगं." मामा उजव्या कडेला गेले आणि पहार घातली. डांबराचा पापुद्रा फुटला आणि पहार मुठीपर्यंत आत गेली. मी खालच्या अंगानं जाऊन पाहिलं. पुलाला जोडणारा भराव पाण्यानं आतून कोरून नेला होता. वर रस्ता, खाली एक म्हैस आरामात बसेल एवढी पोकळी.

गुरुजींनीही वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे दुपारनंतर झालं असंल. सकाळी नसंल."

आणि खरं सांगायचं तर सकाळी ते होतं, असं मलाही सिद्ध करता येत नव्हतं. अहवालात मी 'संभाव्य धोका टळला' असं लिहिलं. संभाव्य म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं काहीच नव्हतं. मामांना शाबासकी मिळाली नाही. निलंबनही झालं नाही, तेवढं मी बघितलं. बस्तीत मात्र एकच गोष्ट उरली, की देशाबाहेरून आलेल्या भंतेंना लिंबाजीनं रस्त्यावर बसवून भाकर-ठेचा घातला, आणि घरी खीर नासली. गयाबाईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पाहुणे अहमदपूरला राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. गाडी पुलावर घेता येणार नव्हती. पायी जायचं ठरलं. त्यांना घ्यायला पलीकडून बायका आल्या होत्या, पांढऱ्या साड्या, हातात फुलांची ताटं. पुढे गयाबाई. आदल्या दिवशीचं सगळं अन्न टाकून तिनं रातोरात पुन्हा तेवढंच रांधलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मूर्ती चार माणसांनी खांद्यावर घेतली. मिरवणूक निघाली.

त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा आदेश आला आणि लिंबाजीमामा मला पुन्हा भेटले नाहीत. त्या सकाळी शेवटचं पाहिलं ते असं. ते फुटलेल्या कडेवर लाल फडकं घेऊन उभे होते. माणसं त्यांच्या पुढून जात होती. कोणी त्यांच्याशी बोललं नाही, गुरुजी तर दुसरीकडे बघत गेले. गयाबाई त्या म्हाताऱ्या थाई बाईचा हात धरून चालली होती, मान ताठ, नजर समोर.

"डावीकडनं," मामा म्हणाले. "हिकडं पोकळ हाय."

तिनं वळून पाहिलं नाही. पण दोन पावलं डावीकडे सरकली, आणि त्या म्हातारीलाही तिनं हाताला धरून आपल्या बाजूला ओढून घेतलं.